आधी ठिणगी बघा, मग पंप बदला

महोदय,

सेल्फ जोरात फिरतो, पण जुनी गाडी चालू होत नाही. अशा वेळी सर्वांत आधी बदलली जाते ती बॅटरी आणि तिच्या पाठोपाठ पेट्रोल पंप. दोन्ही वस्तू महाग आणि बहुतेकदा दोन्ही निर्दोष. साधा मल्टिमीटर, एक जादा स्पार्क प्लग आणि सेल्फ मारायला दुसरा माणूस एवढ्यावर बिघाड कुठे आहे हे बरेचसे कळते. मात्र सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे.

सुरुवात कानाने करावी. सेल्फ फिरताना प्रत्येक सिलिंडरच्या दाबाला इंजिन किंचित अडखळते, त्यामुळे आवाजाला लय असते. ती लय जाऊन इंजिन मोकळे, सलग गरगरू लागले तर टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) तुटल्याचा संशय घ्यावा. ओव्हरहेड कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा (कॅमशाफ्ट) वरच्या बाजूला असलेल्या इंजिनात ऑइलचे झाकण काढून आत पाहावे आणि सेल्फ क्षणभरच मारायला सांगावा. कॅमशाफ्ट हलत नसेल तर पुन्हा किल्लीला हात लावू नये; अनेक इंजिनांत पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात.

आवाज ठीक असेल तर ठिणगी बघावी. जादा प्लग वायरीत बसवून त्याचा धातूचा भाग जम्पर वायरने इंजिनाच्या धातूला जोडावा (अर्थ करावा). हातात धरू नये आणि जवळपास सांडलेले पेट्रोल नसावे. निळी, चट्‌चट् वाजणारी ठिणगी चांगली. पिवळट, बारीक ठिणगी दाबाखाली विझते. कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) मुख्य वायरीला ठिणगी आहे पण प्लगला नाही, तर दोष डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाच्या, फिरत्या रोटरमध्ये किंवा झाकणात (कॅपमध्ये) असतो. कॅपच्या आत केसाएवढी काळी रेघ दिसली तर करंट तिथूनच पळतो आहे. कॉइललाच ठिणगी नसेल तर पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, पाहावेत. गॅप साधारण 0.4 मिलिमीटर असते. पॉइंट जळून काळे पडले असतील तर कंडेन्सरही (पॉइंटवरची ठिणगी रोखणारा भाग) तपासावा, नाहीतर नवे पॉइंटही तसेच जळतील.

सर्वांत जास्त चुकते ती पुढची तपासणी. कॉइलच्या पॉझिटिव्हला किल्ली ‘ऑन’वर असताना आणि सेल्फ फिरत असताना, असे दोन्ही वेळा व्होल्टेज मोजायला हवे. ‘ऑन’वर करंट आहे पण सेल्फ मारताना जातो, तर इग्निशन स्विच किंवा सेल्फकडून येणारी वायर खराब. उलट सेल्फ मारताना इंजिन चालू होते आणि किल्ली सोडताच बंद पडते, तर बॅलास्ट रेझिस्टर (गाडी चालू असताना कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा भाग) उडालेला असू शकतो. शिवाय सेल्फ फिरताना बॅटरीचे व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेले तर सेल्फ फिरूनही ठिणगी कमजोर पडते. तेव्हा टर्मिनल आणि इंजिनाची अर्थ पट्टी आधी घासून साफ करावी.

ठिणगी असेल तरच पेट्रोलकडे वळावे. एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून, कार्बोरेटरच्या तोंडात पाहत अ‍ॅक्सिलरेटर ओढावा. पेट्रोलची बारीक धार दिसायला हवी. नसेल तर फिल्टर, तडकलेला होज, अडकलेली फ्लोट नीडल (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी-अडवणारी सुई), पंपाचा फाटलेला डायफ्राम (पडदा) या क्रमाने जावे. टाकीचे झाकण उघडताना ‘फुस्’ करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचे भोक बुजले आहे. पंप काढायचे कारण नाही. पेट्रोलचा वास येतो आहे, प्लग ओले आहेत, तर अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल तळापर्यंत दाबून धरावे आणि ते वरखाली न करता सेल्फ मारावा.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत किल्ली ‘ऑन’ केल्यावर बहुधा दोन सेकंद पंपाची घूंऽऽ ऐकू येते. ती नसेल तर फ्यूज आणि रिले आधी. ठिणगीही नाही, इंजेक्टरला पल्सही (उघडण्याचा विद्युत इशारा) नाही आणि सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे कळवणारा) बघावा. तो गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर शहाणा होतो, म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी बरोबर चालू होते.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही असून गाडी फटफट करत कार्बोरेटरमधून उलटा धूर मारते, विशेषतः नुकतेच प्लग बदलले असतील, तर वायरींची अदलाबदल झाली आहे का पाहावे. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-3-4-2 असतो. तोही ठीक निघाला तर सगळे प्लग काढून, इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने मोजावे. एखादे सिलिंडर फारच कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा.

– जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीतील एक वाचक