बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा ना भाऊ

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

१ ऑक्टोबरला ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, पर्यटकांना उघडतो आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडचे सफारीचे जिप्सीवाले बॅटरीच्या दुकानाकडं पळतात, दरसालचं आहे हे. जुलै ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी, सेल्फ मारला की नुसतं टक टक, की लगेच निकाल लागला, बॅटरी बसली, नवी टाका. चार-पाच हजार गेले. अन दिवाळी झाली की तीच गाडी, तीच नवी बॅटरी, पहाटे गेटवर पुन्हा टक टक. काहून? तर रोग बॅटरीत नव्हताच ना बाप्पा.

जंगलातली गाडी अन हायवेवरची गाडी यात फरक आहे हे दुकानदार लक्षात घेत नाही. आमची गाडी रांगत चालते, वाघ दिसला की इंजिन बंद, पुढं गेला की चालू, पुन्हा बंद, पुन्हा चालू. प्रत्येक वेळी सेल्फ बॅटरीतून करंट ओढते अन डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी भरते तो, अल्टरनेटरला आम्ही अजून डायनामोच म्हणतो) कमी आरपीएमवर पाहिजे तेवढं भरून देत नाही, वरून पर्यटकांचे मोबाईल चार्जिंगला. म्हणजे बॅटरी कायम अर्धपोटी. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट जमते अन मग ती चार्ज धरतच नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की पाणीही उडते. आणि जंगलात गाडी बंद पडली तर धक्का मारायला खाली उतरायची परवानगी नाही, मागून दुसरी गाडी येईपर्यंत बसून राहा.

आता तपासायचं म्हणाल तर लय काही लागत नाही, तीन-चारशेचा डिजिटल मीटर बस. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी सेल्फ मारायच्या आधी बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी, आधी चार्जिंगला लावा, तोवर तिला खराब म्हणू नका. भरलेली असताना सेल्फ मारताना कोणाला तरी मीटर पाहायला सांगा, साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकली असं समजा. मग इंजिन चालू करून थोडा ॲक्सिलरेटर द्या, हेडलाइट लावा, १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. बारा-साडेबारावरच अडकला तर चार्जिंग होतच नाही, तिथं नवी बॅटरी टाकून काय होणार? पंधराच्या वर गेला तर व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर गेला, तो बॅटरी उकळवून टाकते.

अन हे जे आमचे काही मिस्त्री करून राहिले ना, इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल उपसून पाहायचं, गाडी बंद नाही पडली म्हणजे डायनामो ओके, हे कृपा करून बंद करा. जुन्या, खऱ्याखुऱ्या डायनामोच्या जीपला चालून जात असंल, एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशोबानं पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत व्होल्टेजचा झटका बसून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो, अन त्याची किंमत विचारून पाहा मग.

आमच्या गावातल्या एका पोराच्या गाडीचं सांगतो. बॅटरी बदलली, मग डायनामोही बदलून घेतला गॅरेजवाल्यानं, तरी गाडी सकाळी मरतच होती. मीटर लावला तर डायनामोच्या मागच्या बोल्टवर १४.२ अन बॅटरीवर फक्त १३.१. एक व्होल्ट गेला कुठं? मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर अन दुसरी इंजिनच्या ब्लॉकला टेकवली, तिथंच जवळपास पूर्ण एक व्होल्ट सापडला, खरं म्हणजे पाव व्होल्टही दिसायला नको. इंजिनची अर्थिंगची पट्टी (इंजिन अन बॅटरीचं मायनस जोडते ती) वरून काळ्या टेपनं झकास गुंडाळलेली, टेप कापला तर आत तांब्याचा हिरवा भुगा! पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढायची अन वरून चिखल तसाच, दुसरं काय होणार. पट्टी बदलली, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरनं घासली, गाडी सुरू. डायनामो मात्र फुकटच बदलला.

बेल्ट ढिला, टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्ब उडालेला (बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बातूनच डायनामो जागा होते, हे बऱ्याच जणाले माहीतच नाही), हे डोळ्यांनी पाहायचं काम आहे. गाडी उभ्या उभ्या बॅटरी उतरत असंल तर सगळं बंद करून मायनस वायर सोडा अन वायर अन बॅटरीच्या मधात मीटर ॲम्पिअरवर लावा, ५० मिलीॲम्पिअरच्या आत असलं तर ठीक. कुठं स्टिरिओ, कुठं वाढीव लाइट थेट बॅटरीवर जोडून ठेवलेला असते, तो २०० मिलीॲम्पिअर खात असला तर ४५ एएचची (ॲम्पिअर-तासाची) बॅटरी नऊ-दहा दिवसांत साफ. तिथं तीन महिने शेडमध्ये म्हटल्यावर सांगायलाच नको. उभी ठेवायचीच तर १० नंबरच्या पान्यानं मायनस काढून ठेवा, महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा, पाणी डिस्टिलच घाला, बोअरचं नको, आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती हे पाणी भरायच्या गुंडाच्या तळाला पाहिलं की कळते.

तर मागणी एवढीच की सप्टेंबरात वन खात्यानं अन गाडीवाल्यांनी मिळून गेटवर एक तपासणी ठेवावी, आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या पोरांना मीटर घेऊन बोलवावं, त्यांनाही हात साफ करायला गाड्या मिळतील, अन गाडीच्या कागदासोबत उभ्या गाडीचं अन चालू गाडीचं असे दोन आकडे लिहून द्यावे. बॅटरीवाल्यांनीही विकायच्या आधी चालू इंजिनवरचं व्होल्टेज पाहून बिलावर टाकावं, पुढं वॉरंटीचं भांडणही कमी होईल. आणि जुनी बॅटरी दुकानात परत द्या, बॅटरीच्या कचऱ्याचे २०२२ चे नियमही सांगतात की ती गोळा करणाऱ्याकडं किंवा रिसायकल करणाऱ्याकडं नीट सोपवावी, काही भंगारवाले शिसं काढून ॲसिड नाल्यात ओततात अन त्याच नाल्यावर पुढं आपली ढोरं पाणी पितात.

आपला,
एक जिप्सीवाला वाचक
मोहर्ली परिसर, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर