त्या तीन रेषांसाठी, सर

आदरणीय सर,

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं 'सर'.

मी कला शाखेच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवते. जुलैत एका मुलीनं भर वर्गात विचारलं, "मॅडम, क्वांटममध्ये तर्क चालतच नाही म्हणतात. मग ही सत्यता-कोष्टकं कशाला?" तो अणू-इलेक्ट्रॉनच्या विज्ञानाचा विषय आहे, असं सांगून मी तिला गप्प बसवलं. घरी जाताना लोकलमध्ये तेच टोचत राहिलं.

तुम्ही एका फोनवर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आलात. माझ्या वहीत दोन काटकोनी रेषा काढल्यात. एक 'उभ्या दिशेत स्पिन वर' (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणाचा एक मोजता येणारा गुणधर्म), दुसरी 'उभ्या दिशेत स्पिन खाली'. म्हणालात, "यांचा 'किंवा' म्हणजे नुसत्या या दोन रेषा नव्हेत. दोघी मिळून जे व्यापतात ते अख्खं पान." मग त्यांच्या छेदबिंदूतूनच एक तिरपी रेषा ओढलीत: 'आडव्या दिशेत स्पिन उजवीकडे'. ती पानावर पुरती आहे, पण पहिल्या दोघींपैकी एकीवरही नाही!

'अ आणि (ब किंवा क)' मी फळ्यावर किती वर्षं '(अ आणि ब) किंवा (अ आणि क)' असं फोडून लिहीत आलेय. हा वितरणाचा नियम नेमका कुठे अडतो, ते त्या पानावर दिसलं: 'उजवीकडे आणि (वर किंवा खाली)' म्हणजे ती अख्खी तिरपी रेषा, पण फोडून लिहिलं की 'उजवीकडे आणि वर', 'उजवीकडे आणि खाली' या दोन्हींत नुसता छेदबिंदू उरतो. बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी १९३६ साली हेच मांडलं होतं. शिवाय त्यांच्या त्या तर्कातही विधान आणि त्याचा नकार एकाच वेळी खरे नसतात, आणि हे सगळं सिद्ध करायला त्यांनी आपलं नेहमीचंच गणित वापरलं. हे ऐकून मला किती हायसं वाटलं, ते तेव्हा बोलता आलं नाही. 'क्वांटम गूढ आहे, काहीही शक्य आहे' असं म्हणून तुम्ही वेळ मारून नेली नाहीत, याचे आभार सगळ्यात मोठे.

सोमवारी त्याच तीन रेषा मी फळ्यावर काढल्या, आधी त्या मुलीची माफी मागून. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे तर्क बदलला, की आपण फक्त 'किंवा'चा अर्थ बदलला?"

मी तिला तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांच्याबद्दल सांगितलं. भूमितीसारखा तर्कही अनुभवातून बदलू शकतो, असं ते एकेकाळी म्हणत आणि पुढे त्या मतावर राहिले नाहीत. तिचं समाधान झालेलं नाही. माझंही नाही.

येत्या रविवारी तिला कट्ट्यावर घेऊन आले तर चालेल ना?

तुमची,
तर्कशास्त्राची शिक्षिका