ऑपरेशनची एवढी घाई कशाला?

संपादक साहेब,
आमच्या दादांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, एकदम सुरुवातीचा, ग्लिसन ६ (बायोप्सीत कॅन्सर किती जोरात वाढणारा दिसतो त्याचा आकडा, ६ म्हणजे कमी), पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी दहाच्या आत, तरी रिपोर्ट हातात पडतोय तोवर रोबोटिक ऑपरेशन करून टाका म्हणून डेट आणि पॅकेजचा कागद तयार. वहिनी पण म्हणे एकदाचं काढून टाका, डोक्याला ताप नको. अहो पण ऑपरेशननंतर लघवी गळणं, पॅड लावणं, नवरा-बायकोच्या संबंधावर होणारा परिणाम, हे कोण सांगणार? रेडिएशनने शौचाचा त्रास होऊ शकतो तेही विचारल्यावरच कळलं.
ब्रिटनमधे प्रोटेक्ट नावाची ट्रायल झालीय, १६४३ पुरुष, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर नुसतं लक्ष, २०२३ ला १५ वर्षांचा रिझल्ट आला तर तिन्हीकडे या कॅन्सरने गेलेले शंभरात तीनच्या आसपास. लक्ष ठेवलेल्यांत आजार पसरलेले मात्र जास्त, शंभरात नऊ, बाकीच्यांत पाच, त्यामुळे सगळ्यांनाच हे चालेल असं नाही, आणि पीएसए, एमआरआय, परत बायोप्सी हे वेळच्या वेळी करावंच लागतं.
दादांनी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन सध्या ऑपरेशन न करता लक्ष ठेवायचं ठरवलंय. निदान हे तिन्ही पर्याय पेशंटला मराठीत छापून तरी द्या ना.
– एक वाचक, सातारा