जागा नाही, कबूल; पण चेक-इनला कुठे जागा लागते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांतले वजनकाटे तपासून देणं हे माझं काम. प्रमाणित वजनांची पेटी घेऊन हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली, क्वचित कोलकाता अशी फिरती चालू असते. घर बदलापूरला, ऑफिस अंधेरीला. हॉटेलसाठी कंपनीची मर्यादा रात्रीला साडेचार हजार, मग शहर कुठलंही असो. त्यामुळे तेवढ्याच पैशांत कुठलं शहर काय पदरात टाकतं, हे मला चांगलंच ठाऊक झालं आहे. त्यात मुंबईचा नंबर शेवटचा लागतो.

हैदराबादेत अमीरपेटला या पैशांत खिडकीची खोली मिळते, लिहायला धड टेबल मिळतं आणि सकाळी लवकर गरम पेसरट्टू खाऊन जीडीमेटल्याच्या कारखान्यात वेळेवर पोचता येतं. चेन्नईत एग्मोर स्टेशनच्या आसपास उतरलं की आणखी एक सुख असतं: तिथल्या बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब चालतो. सकाळी सहाला आत गेलात तर दुसऱ्या दिवशी सहाला बाहेर. रात्रीच्या गाडीनं आलेल्या बाईला आंघोळ करून नऊ वाजता क्लायंटकडे जायचं असतं, हे काउंटरवरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फिल्टर कॉफीबद्दल वेगळं लिहीत नाही, विषय लांबेल.

बंगळुरात हॉटेल बघूच नये, पत्ता बघावा. क्लायंट पीण्याला आणि खोली व्हाइटफील्डला, तर गादी कितीही मऊ असली तरी दिवस रस्त्यातच जातो. दिल्लीत विमानतळाजवळची एरोसिटी आमच्या मर्यादेबाहेर, म्हणून करोल बाग. खोल्या ऐसपैस, पण लग्नसराईत दर दुप्पट आणि बँडबाजा फुकट. तिथेच फेब्रुवारी २०१९ मध्ये एका हॉटेलला आग लागून १७ माणसं गेली. तेव्हापासून कुठल्याही शहरात सामान टाकलं की मी आधी मजल्यावरचा जिना शोधते आणि त्याचं दार ढकलून बघते. उघडलं नाही तर खाली जाऊन उघडायला लावते. लोक हसतात, हसू देत.

आता मुंबई. मरोळला आमच्या ऑफिसचे पाहुणे उतरतात तिथल्या खोलीत मीही राहिले आहे. दार उघडलं की पलंगाला आपटतं. बॅग उघडायची तर पलंगावर, आणि ती तिथे असेपर्यंत आपण उभं राहायचं. टेबल म्हणजे भिंतीला ठोकलेली फळी, तिच्यावर किटली, फोन आणि मेन्यूकार्ड आधीच ठाण मांडून बसलेलं. रात्री बसून रीडिंगचे तक्ते भरायचे असतात, ते मी मांडीवर उशी घेऊन भरले. न्हाणीघराला एका बाजूनं काचेची भिंत! आम्ही दोघी सहकारी त्या खोलीत. काचेला पडदा होता, पण त्याची दोरी खोलीच्या बाजूला. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं ऑफिसच्या कामासाठी कधी कोणाबरोबर खोली वाटून घेतली नसणार.

यावर ठरलेलं उत्तर असतं: मुंबईत जागेचा भाव बघा. अहो, मुंबईतल्या जागेचा भाव बदलापूरला राहणाऱ्या माणसाला सांगायला हवा का? खोली लहान असणार, हे मान्य. माझी तक्रार ज्यांना जागा लागत नाही अशा गोष्टींची आहे. पहाटे आलेल्याला दुपारी दोनपर्यंत लॉबीत बसवून ठेवल्यानं जागा वाचत नाही. उलट मागच्या रात्री रिकामी राहिलेली खोली अर्ध्या दिवसाचे पैसे घेऊन त्याला देता येते. ‘विमानतळापासून पाच मिनिटं’ असं छापताना ती पाच मिनिटं पहाटे तीनची की संध्याकाळी सातची, हे सांगायलाही चौरस फूट लागत नाहीत. आता आरेपासून कफ परेडपर्यंत मेट्रो ३ धावते आहे. मरोळ नाक्याला, सहार रोडला स्टेशन आहे. मग जवळचं स्टेशन कोणतं आणि चालत किती, एवढं लिहा. बॅग ओढत येणाऱ्याला तेच हवं असतं.

करकपातीचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परराज्यातल्या हॉटेलच्या कराचं क्रेडिट (बिलात भरलेला कर कंपनीच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा करण्याची सोय) आमच्या कंपनीला, म्हणजे महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला, आधीही मिळत नव्हतं. त्यामुळे हैदराबाद-चेन्नईत चार हजारांच्या खोलीमागे सरळ २८० रुपये वाचले. मुंबईच्या बिलाचं क्रेडिट मात्र मिळायचं. नवा ५ टक्क्यांचा दर क्रेडिटशिवायचा, म्हणजे आमच्या अकाउंट्सच्या हिशेबानं इथली तीच खोली २०० रुपयांनी महागली. हा सरकारचा भाग, हॉटेलवाल्यांचा नव्हे. पण त्याच महिन्यात मूळ दर ‘रिवाइज’ केला, तो त्यांचा.

सगळ्यात जास्त संताप येतो तो लोकल आयडीचा, म्हणजे ओळखपत्रावर त्याच भागातला पत्ता असला की खोली नाकारण्याचा. गोरेगावच्या नेस्कोत प्रयोगशाळेच्या उपकरणांचं प्रदर्शन होतं. स्टॉलची मांडणी संपेपर्यंत मध्यरात्र उलटली. शेवटची कर्जत गाडी मिळणार नाही हे गृहीत धरून खोली आधीच ॲपवर घेतली होती, पैसे भरले होते. काउंटरवरच्या मुलानं आधार कार्ड पाहिलं आणि परत सरकवलं. ‘मॅडम, लोकल आयडी नहीं चलेगा.’ कंपनीचं पत्र दाखवलं, प्रदर्शनाचा बिल्ला दाखवला. बदलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, असं म्हटलं तर म्हणाला, ‘एमएमआर में ही आता है ना?’ एमएमआर म्हणजे मुंबई महानगर प्रदेश; त्याचा भूगोल पक्का होता. पोलिसांचा नियम आहे म्हणाला. कुठला नियम, लेखी दाखव म्हटलं तर मॅनेजर सकाळी येतील.

हे इतर शहरांतही होतं, माहीत आहे. पण ज्या शहराची माणसं साठ-सत्तर किलोमीटरवरून रोज कामाला येतात, तिथे ‘स्थानिक’ माणसाला रात्री खोली लागणारच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अडकलेल्यांच्या ओळखपत्रावर पत्ते कल्याणचे, विरारचेच होते. तसा पाऊस सोडा, साधी ओव्हरहेड वायर तुटली तरी हीच गत. उतारूंना ठेवून घेणं मुंबईला नवं आहे असंही नाही. पुण्याहून आलेले लोकमान्य क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत आणि १ ऑगस्ट १९२० ला त्यांचं निधनही तिथेच झालं.

आपल्या वृत्तपत्राद्वारे हॉटेलचालकांच्या संघटनांना विचारायचं आहे: लोकल आयडी चालत नसेल तर ते बुकिंगच्या पानावर, पैसे घेण्याआधी, का लिहीत नाहीत? आणि पोलिसांचा तसा काही आदेश खरंच असेल तर मुंबई पोलिसांनी तो जाहीर करावा. नसेल तर नाही, असं सांगावं. मला त्या रात्री एका स्टॉलवाल्या बाईंनी मालाडच्या आपल्या घरी नेलं. खोलीचे पैसे ‘नो-शो’, म्हणजे ग्राहक आलाच नाही, म्हणून कापले गेले, ते अजून परत आलेले नाहीत.

आपली,
एक वाचक, बदलापूर (पूर्व)