ओकायामाची मातीची भांडी पण बघू देत की पुणेकरांना

संपादक महोदय,
सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलंय हे बऱ्याच जणांना माहितीये, पण त्याच ओकायामा प्रांतात बिझेन नावाचं गाव आहे आणि तिथली साकेची (म्हणजे तांदळाच्या जपानी दारूची), चहाविधीची मातीची भांडी शेकडो वर्षं नावाजलेली आहेत हे तिथे कोणी सांगतच नाही. ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप अजिबात नाही, लाकडाच्या भट्टीत साधारण 10 ते 14 दिवस सलग जाळ, उडालेली राख भांड्यावरच वितळून बसते आणि भाताचा पेंढा गुंडाळलेला असेल तिथे लालसर रेघा उमटतात, काय सुंदर दिसतं ते! 16व्या शतकात सेन नो रिक्यू या जपानी चहाविधीच्या गुरूच्या काळातल्या चहागुरूंनी असलीच ओबडधोबड भांडी उचलून धरली. महापालिकेने उद्यानात यांचं छोटं कायमचं प्रदर्शन मांडावं आणि कुंभारवाड्यातल्या कारागिरांना आवर्जून बोलवावं, मातीतलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.
– एक वाचक, पुणे