आंबा घाटाच्या पलीकडून

मंगळवेढा,
संक्रांतीनंतरचा पहिला रविवार

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, फोनवर तुम्हाला काही सांगायचं मी आता सोडून दिलंय. निम्मं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई फोन हिसकावून 'जेवलीस का' विचारते त्यात जातं. मागच्या रविवारी तुम्ही तीनदा विचारलंत, 'रस्ता कसा आहे?' आणि मी तिन्ही वेळा ओरडून 'चांगला आहे' म्हटलं. ३१ वर्षं एस.टी. चालवलेल्या माणसाचं एवढ्यावर समाधान कसं व्हायचं? म्हणून लिहायला बसले. चष्मा लावून सावकाश वाचा, आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा.

आधी तुमच्या ओळखीचा रस्ता. साखरप्याला आपल्या घरावरून जी वाट आंबा घाट चढते, तीच मलकापूर, कोल्हापूर, मिरज, सांगोला करत मंगळवेढ्याच्या कडेने सोलापूरला जाते. रत्नागिरी-नागपूर महामार्ग म्हणतात तो हाच. म्हणजे तुमची मुलगी परमुलखात नाही, तुमच्याच रस्त्यावर आहे, फक्त बरेच थांबे पुढे. आषाढीच्या जादा गाड्या घेऊन तुम्ही पंढरपूरपर्यंत यायचात, तिथून मी अर्ध्या-पाऊण तासावर. पण तुम्ही पाहिलात तो मुलूख रात्रीचा, पावसातला, वारकऱ्यांनी भरलेला. हिवाळ्यात तो काय असतो, हे तुमच्या खेपांना कधी दिसलंच नाही.

जनावरांची डॉक्टर म्हणून मी फिरते ते रस्ते महामंडळाच्या नकाशावर नाहीत. डांबरी सोडून बाजूच्या पाणंदीला लागायचं, की दोन्हीकडे बाभळी आणि मध्ये बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. आपल्याकडे तांबडी माती पावसात वाहून जाते. इथली काळी माती पावसात माणसाला धरून ठेवते. मागच्या सप्टेंबरात गाडीच्या मडगार्डात चिखलाचा असा गोळा बसला, की चाक फिरेना. शेवटी गाडी बांधावर ठेवून, चपला हातात घेऊन, औषधाची पेटी डोक्यावर घेऊन चालत गेले. (हे तेव्हा फोनवर सांगितलं नव्हतं.) तीच माती आता वाळून दगड झालीय. शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडल्यात, पण पाणंदीवरून गाडी खडखडत का होईना, जाते. दिवाळीपासून होळीपर्यंत मी अशा वस्त्यांवर पोचते, जिथे पावसाळ्यात जनावर आजारी पडलं तर नुसती औषधाची नावं फोनवर सांगावी लागतात.

आणि सध्या दोन्ही बाजूंना ज्वारी आहे. डोक्याच्या वर गेलेली. आई, तू हे पाहिलं नाहीस. आपल्या भाताच्या खाचराला पाणी तुंबून लागतं. इथली शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस जाता जाता, आणि मग बहुतेक शेतांना वरून पाणी नाहीच. काळ्या रानाने पोटात साठवलेली ओल आणि पहाटेची थंडी, एवढ्यावर ती उभी राहते. रान भेगाळलं की ओल उडून जाते, म्हणून मधल्या काळात कोळप्याने भेगा बुजवत राहायच्या. वाण मालदांडी. त्यातली नावाजलेली निवड, एम ३५-१, शेजारच्या मोहोळचीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तुमच्या हापूसला मिळालं तसं. पण हापूसचा थाट हिच्या वाट्याला नाही. कणीस दाण्याने भरलं, की पोरं मचाणावर बसून गोफण फिरवतात, पत्र्याचा डबा वाजवतात, आणि पाखरं ह्या शेतातून उठून त्या शेतात बसतात. हा खेळ दिवसभर.

दामाजीपंतांची कोठारं ती इथलीच, बाबा. बिदरच्या बहामनी राज्याचा कारभारी असून दुष्काळात त्यांनी सरकारी धान्य लोकांना वाटून टाकलं, ही गोष्ट तुम्ही मला निजवताना सांगायचात. आणि पंढरपुरात महाद्वारासमोर ज्या चोखोबांच्या समाधीला तुम्ही गाडी लावून हात जोडायला जायचात, ते गेले मंगळवेढ्यात, १३३८ साली, गावकुसाचं बांधकाम अंगावर कोसळून. इथे पाया पडताना मला तो वेशीचा दगड उचलणारा माणूसच आधी दिसतो.

आता म्हशीचं सांगते, कारण त्यात तुमचाही हात आहे. परवा पहाटे चारला फोन आला, 'डॉक्टरीणबाई, म्हस अडलीया.' वस्ती दक्षिणेला, हुलजंतीच्या बाजूला, कर्नाटक हाकेवर. रस्त्यात एक माणूस अंगावर घोंगडं घेऊन दारं धरत होता, म्हणजे पिकाला पाणी देत होता. शेतीच्या मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी फिरते. रात्रीची पाळी आली की थंडीत गुडघाभर गव्हात उभं राहून, एका वाफ्याचं बारं फोडून दुसऱ्यात पाणी वळवायचं. विजेरी तोंडात, फावडं हातात. त्यानेच मला पुढची वाट दाखवली. नाहीतर मी ज्वारीत हरवले असते, कारण दोन्हीकडून ताटं वाकलेली आणि सगळ्या पाणंदी सारख्या.

म्हैस पंढरपुरी. शिंगं तलवारीसारखी मागे, खांद्याच्या पलीकडे गेलेली, त्यामुळे गोठ्यात तिच्या शेजारी उभं राहायचं म्हणजे आपलंच डोकं सांभाळायचं. रेडकाची मान मागे वळली होती. कोपरापर्यंत हात घालून ती सरळ करायला पाऊण तास लागला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि मी घामाने निथळत होते. पारडी झाली. जिवंत. घरातल्या म्हातारीने माझ्या हातावर गरम पाणी ओतलं, मग विचारलं, 'ऊटा आत?' मी मालकाकडे पाहिलं. तो म्हणाला, 'आजी कन्नड बोलती. जेवण झालं का, विचारती.' पहाटे साडेपाचला! आई, तुझी ही एक बहीण इथे राहते, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आणि बाबा, कोल्हापूरची ड्युटी संपवून तुम्ही गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचात ना? घरी आल्यावर वास यायचा मिशांना. समोर बांधलेली ती शिंगाळ म्हैस, गिऱ्हाईक येईल तशी पाव-पाव लिटर पिळून देणारी, ती पंढरपुरीच. दिवसातून कितीदाही थोडी थोडी धार देते, हा ह्या जातीचाच गुण. तुम्ही तिला तिच्या सासरी भेटलात, मी माहेरी.

उत्तरेला भीमेच्या काठाने वेगळंच जग आहे. तिथे ऊस. कारखाने चालू आहेत, बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, रस्त्याकडेला. कोयता चालायला लागतो तो पहाटे अंधारातच. बाळ उसाच्या पाचटावर निजलेलं, शेजारी शेळी. बैलांचे खांदे सुजलेले असतात, जूं घासून कातडी निघालेली. मी मलम देते आणि 'चार दिवस जुंपू नका' म्हणते. गाडीवान मान हलवतो. आम्हा दोघांनाही माहीत असतं, की संध्याकाळी तो गाडी जुंपणार, कारण आगाऊ घेतलेली उचल अंगावर आहे. डॉक्टर म्हणून सगळ्यात निरुपयोगी वाटतं ते तिथे. तुमच्या काळजीचं एक उत्तर इथेच देते: अंधार पडल्यावर मी त्या रस्त्याला जात नाही. उसाच्या डबल ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, हे तुम्हीच मला शिकवलंय.

हुरडा खाल्ला का, असं आईने विचारलं होतं. खाल्ला, आणि तुमच्या पुण्याच्या भाच्याने पाठवलेल्या फोटोतला नव्हे, ज्यात झोपाळे आणि उंटाची सफर असते. मेंढरांना जंताचं औषध पाजायला गेले होते. एका धनगराने कुणाच्या तरी रिकाम्या रानात मेंढरं बसवली होती, भोवती जाळ्याची वाघर लावून. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्या-मुताने रान खतावतं, आणि शेतकरी त्याचं धान्य किंवा पैसे देतो. सगळी माडग्याळी मेंढरं, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. काम झाल्यावर शेतमालकाने खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवली, हिरवी कणसं निखाऱ्यात खुपसली आणि गरमच हातावर चोळून फुंकर मारून दिली. हात भाजतात. दाणा दुधाळ, गोड, जरासा धुरकट. सोबत शेंगदाण्याची चटणी. बोलणं कुणाचं फारसं झालं नाही. मी किती खाल्ला ते सांगत नाही, कारण रात्री जेवले नाही, आणि आई ते पुन्हा फोनवर काढेल.

आता जे लिहायला इतकी पानं फिरले, ते लिहिते. विनंती बदलीचा अर्ज द्यायची मुदत गेल्या शुक्रवारी संपली. मी अर्ज दिला नाही.

फॉर्म टेबलावर होता. तुमचं वय, बाबांचं ऐकणं, आईचे गुडघे, सगळं त्या 'कारण' नावाच्या रकान्यात मावलं असतं. खोटंही नव्हतं. पण शुक्रवारी सकाळी लाळ्या-खुरकुताची लस टोचायला भोशाकडे गेले, आणि एका बाईने गोठ्यातली अकरा जनावरं मला नावाने ओळखून दिली, मागच्या खेपेला कुणी लाथ मारली होती तेही सांगितलं. परत आले तेव्हा पाच वाजून गेले होते. वेळ चुकली असं म्हणता येईल, पण ते खरं नव्हे. मी मुद्दाम हळू आले.

माझ्यानंतर इथे कोणी येईल, नाही असं नाही. पण कुठल्या पाणंदीला डावीकडे वळायचं, हे शिकायला मला एक पावसाळा आणि दोन हिवाळे लागले. तुम्ही नव्या चालकाला घाटातलं वळण नुसतं बोलून शिकवता यायचं नाही, शेजारी बसवून न्यायला लागायचं, असं म्हणायचात ना. ते आठवलं. तुम्ही रागवाल. आई दोन दिवस बोलणार नाही. ते मी धरून चालले आहे.

पण फेब्रुवारीत ज्वारीची काढणी सुरू होते. माणसं ताटं मुळासकट उपटतात, हाताला फोड येतात, मग कणसं खुडायची, कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी लावायच्या. त्या आधी या. गुडघ्यांचा प्रश्न आहे, तर दुपारच्या गाडीपेक्षा कोल्हापुरात माझ्या मैत्रिणीकडे एक मुक्काम करा आणि सकाळची धरा. बाबांना पुढची, चालकामागची जागा मिळू दे, म्हणजे ते वाटभर त्याच्या चुका काढतील आणि वेळ जाईल. पाणंदीतून मी नेईन. तुम्ही फक्त मागे बसायचं, ब्रेक मारायचा नाही.

पार्सलने ज्वारीचं पीठ पाठवतेय, पाच किलो, काल दळलेलं. आई, तांदळाच्या पिठासारखी उकड काढत बसू नको, ताजं आहे तोवर साध्या पाण्यात चांगलं मळून घे. भरपूर मळ, तिथेच चुकते तुझी भाकरी. आणि डब्यात जपून ठेवू नको. पंधरा दिवसांनी पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडेने तुटते आणि दोष माझ्या ज्वारीला येतो.

तुमची,
मनू