माग थांबवण्याची मुभा देणाऱ्या अण्णांस

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

निवृत्तीच्या दिवशी आपण आभाराची भाषणे होऊ दिली नाहीत, म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आपल्या टॉवेल कारखान्याचा विणकाम विभाग आज सांभाळणारा मी हे जाहीर पत्र लिहीत आहे.

सुधारणेच्या गप्पा सगळीकडेच चालतात. परंतु नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराने दोष दिसताच माग थांबवला, तर पहिली झळ त्याच्याच खिशाला बसते, ही गोष्ट आपण मालकांपुढे मांडलीत आणि त्या थांबलेल्या वेळेची मजुरी मंजूर करून घेतलीत. आमच्या विभागात पुढे जे काही चांगले घडले, त्याचे मूळ मला या निर्णयात दिसते. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटताच आपोआप थांबत असे आणि दोष पुढे न जाऊ देण्याचे तेच तत्त्व नंतर टोयोटाच्या मोटार कारखान्यांत गेले, हे सांगताना तो माग जणू आपणच बनवल्यासारखी आपली मान ताठ होत असे.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारपाळीला धागे अधिक तुटू लागले, तेव्हा सगळ्यांनी त्या पाळीच्या विणकरांकडे बोट दाखवले होते. आपण मात्र मागाजवळ उभे राहून एकामागून एक ‘का’ विचारत गेलात. धागा का तुटतो, तर तो कोरडा पडतो. कोरडा का पडतो, तर शेडमधील आर्द्रता उतरते. ती का उतरते, तर हवेत ओलावा सोडणारे फवारे कापसाच्या तुसाने तुंबले आहेत. आणि ते का तुंबले, तर त्यांची सफाई कोणाच्याच कामात लिहिलेली नाही. सोलापूरचा उन्हाळा आपल्या हाती नव्हता, सफाईचे वेळापत्रक होते, आणि ते आपण त्याच दिवशी लावलेत.

सूचनांच्या फळ्यावर मराठीबरोबर तेलुगूतही लिहिण्याची मोकळीक आपण दिल्यामुळे वर्षानुवर्षे गप्प असलेले जुने विणकर बोलू लागले. प्रत्येक सूचनेला उत्तर देण्याचा, आणि ते नकारार्थी असेल तर कारण लिहिण्याचा, आपला नियम मी तसाच पाळतो. तो वेळखाऊ आहे, हेही येथे नमूद करतो.

एका बाबतीत मात्र मी आपली रीत बदलली आहे. पाळी बदलतानाची बैठक आता मी घेत नाही, विणकर आळीपाळीने घेतात. आपल्याला हे कदाचित रुचणार नाही. तरी सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर एकदा येऊन ती बैठक पाहावी आणि काही खटकल्यास फळ्यावर लिहावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
विणकाम विभागप्रमुख, सोलापूर